बाळाचं झबलं, घरच्या घरी


घरात तान्हं बाळ आहे?
मग आज झबलं शिवूया.

कापड जुनं, सुती घ्या.
धुऊन धुऊन मऊ झालेली साडी किंवा धोतर उत्तम.
नव्या कापडात खळ असते.
ती बाळाला टोचते.

झबलं अंगरख्यासारखं पुढून उघडं बेता.
मग ते डोक्यावरून चढवावं लागत नाही.
मान न धरणाऱ्या बाळासाठी हे फार सोयीचं.
थोडं सैलच ठेवा.
बाळं भराभर वाढतात.

आता मुख्य गोष्ट.
शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा.
आतली शिवण काखेत, मानेवर घासते.
पाहुणे म्हणतील, झबलं उलटं घातलंय.
म्हणू देत!
पुन्हा सांगते, शिवण बाहेर.

बटणं नकोत.
सुटलेलं बटण बाळाच्या तोंडात जाऊ शकतं.
त्याऐवजी कापडी बंद लावा.
बंद आखूड हवेत.
ते गळ्याशी नको, कुशीला लावा.

उरलेल्या तुकड्यांचे त्रिकोणी लंगोट होतात.
ते मात्र भरपूर शिवा.
पावसाळ्यात दोरीवरचे लंगोट लवकर वाळत नाहीत,
आणि ओलसर लंगोटानं बाळाला पुरळ येतं.