काळ्या वायरची निगा



पौडाहून ताम्हिणीकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. आषाढात झड लागली की टीव्हीचे चित्र जाते, आणि आपण म्हणतो, "पावसाने गेलं!" ते पुष्कळदा खरेही असते. जोराच्या सरीत उपग्रहाचा संदेश क्षीण होतो. सर ओसरली की चित्र परत येते. पण आभाळ उघडले तरी चित्र फुटतच राहिले, तर छपरावरून उतरणारी काळी वायरही तपासावी. तिला कोॲक्सियल केबल म्हणतात. १८८० साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज संशोधकाने अशा वायरचे पेटंट घेतले होते.

तिची रचना पाहा. मधोमध धातूची तार, तीभोवती पांढरे आवरण, त्यावर धातूचा पत्रा व जाळी, आणि बाहेर काळे कातडे. संदेश वाहतो तो मधली तार आणि जाळी यांच्यामधल्या जागेतून. ही जागा सर्वत्र सारखी हवी. म्हणजे हा एक पाटच समजा. बांध कुठे दबला की पाणी अडते, फुटला की वाया जाते. म्हणून वायरीवर खिळा ठोकू नका, ती दाराच्या फटीत चेपू नका, आणि कोपऱ्यावर काटकोनात मोडू नका. ऐसपैस वळण द्या.

सगळ्यांत मोठा शत्रू पाणी. उघड्या जोडातून ते जाळीत शिरते, आतल्या आत दूरवर झिरपते आणि धातू गंजतो. दोन टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे हा जोड नव्हे. आधी सेट बंद करून पिन काढा, कारण छत्रीकडे याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्टचा प्रवाह जातो. मग चांगला कनेक्टर बसवून तो जलरोधक पट्टीने लपेटा. भिंतीत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. केबलवाल्याचे इंटरनेट या वायरीतून येत असेल, तर त्यालाही हेच नियम लागू. काचेच्या तंतूची वायर मात्र वेगळी. तिला घरी हात लावू नये.

गुरुजी, जुन्या वायरीचा वीतभर तुकडा सोलून मुलांना दाखवा. ज्याने आतली जाळी पाहिली, तो उघडा जोड पावसात ठेवणार नाही. आणि हे काम मृगाआधीच उरकून घ्या.