परळीच्या पायऱ्या आणि अहिल्याबाई

परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलात, की त्या रुंद दगडी पायऱ्या चढताना फोन जरा खिशात ठेवा. या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण बाईमाणूस म्हणून त्यांच्यावर काय काय गुजरलं, ते कुणी फारसं सांगत नाही.

जन्म १७२५ चा, चौंडीचा. म्हणजे आपल्या आष्टीला लागून असलेला जामखेड तालुका. पाटलाची लेक. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा सासरे मल्हाररावांनी अडवलं. १७६६ ला सासरे गेले, पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव. मग कारभार हाती घेतला. पहाटे पूजा, नंतर लोकांच्या तक्रारी.

काशी, गया, सोमनाथ... देवळं, घाट, विहिरी, अन्नछत्रं. यातली कितीतरी ठिकाणं होळकरांच्या राज्यात नव्हतीच, आणि बराच पैसा त्यांच्या स्वतःच्या खासगीतला! आपण सोसायटीच्या वर्गणीला दहा प्रश्न विचारतो, असो.

१७९१ ला जावई यशवंतराव फणसे वारले. मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने खूप विनवलं. ती थांबली नाही. सासऱ्यांनी जिला अडवलं, तिला लेकीला अडवता आलं नाही.

त्यानंतरची चार वर्षं, १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, महेश्वरात त्या कारभार बघतच होत्या.