बळ हळूहळू येते



आपले जोहे हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. पेण, हमरापूर, जोहे ही नावे दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहेत, ती या मूर्तींमुळे. पण आज आम्ही मूर्तीविषयी बोलणार नाही. मूर्ती घडवणाऱ्या माणसाच्या खुब्याविषयी बोलणार आहोत.

खुबा म्हणजे काय? मांडीचे हाड कमरेला जिथे जोडलेले असते, तो सांधा. हाडाचे टोक चेंडूसारखे गोल असते. कमरेच्या हाडात वाटीसारखी खोबण असते. चेंडू वाटीत फिरतो, म्हणून आपण चालतो, वाकतो, उकिडवे बसतो.

कुणाचा हा सांधा झिजतो. कुणी पावसात शेताच्या बांधावरून घसरतो आणि खुबा मोडतो. पूर्वी लोक म्हणत, म्हातारपणी खुबा मोडला म्हणजे माणूस खाटेला खिळला. ते खोटे नव्हते. पडून राहिल्याने पाठीला जखमा होत, छातीत कफ साठे, आणि त्यातच माणूस जाई.

आता तसे राहिलेले नाही. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या डॉक्टरांनी धातूचा चेंडू आणि टिकाऊ प्लास्टिकची वाटी बसवण्याची चांगली रीत काढली. पुढे ती जगभर गेली. आपल्या राज्यातही खुब्याच्या अशा शस्त्रक्रिया होतात. काही वेळा नवा सांधा लागत नाही. मोडलेले हाड पट्टी व स्क्रू लावून जोडतात.

पण मंडळी, शस्त्रक्रिया झाली म्हणजे अर्धेच काम झाले. सांधा डॉक्टर बसवतात. बळ आपले आपण आणायचे असते. पाय वापरला नाही की मांडीचे स्नायू लवकर बारीक होतात. ते पुन्हा भरायला महिने लागतात. त्यासाठी व्यायाम शिकवणारे जाणकार असतात. त्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात. मुंबईला हाजी अलीजवळ अशा कामाची मोठी सरकारी संस्था १९५५ साली निघाली.

आमच्या उजव्या खुब्याचा सांधा दोन वर्षांपूर्वी बदलला. दुसऱ्याच दिवशी आम्हाला वॉकर धरून उभे केले. चार पावले टाकली आणि घाम फुटला. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात खाटेपासून ओटीपर्यंत. मग अंगणापर्यंत. मग देवळापर्यंत. दीड महिन्याने वॉकर सुटला, हातात काठी आली. तीन महिन्यांनी काठीही सुटली. पण भाताची गोणी उचलणे आम्ही अजूनही टाळतो.

काठी कोणत्या हातात धरायची? पुष्कळ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. ते बरोबर नाही. उजवा पाय दुखरा असेल तर काठी डाव्या हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

सुरुवातीचे व्यायाम सोपे असतात. पडल्या पडल्या पाऊल वरखाली हलवावे. त्याने पायात रक्त गोठण्याची शक्यता कमी होते. गुडघा खाटेवर दाबून पाच अंक मोजावेत. टाच घसरवत थोडी जवळ आणावी. पुढे, खांब धरून उभे राहता आले की पाय बाजूला उचलावा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पण कुणाला कोणता व्यायाम आणि पायावर किती भार, हे डॉक्टरांनी सांगावे. शेजाऱ्याचे ऐकून करू नये.

किती करावे याची खूण लक्षात ठेवा. व्यायामानंतर थोडे दुखले आणि विसावा घेताच थांबले, तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखले किंवा सूज आली, तर त्या दिवशी व्यायाम कमी करावा.

शाडूची मूर्ती आपण कशी वाळवतो? सावलीत. उन्हात ठेवली तर वरून वाळते, आतून ओली राहते, आणि तडा जातो. रंग देण्याची कितीही घाई असली तरी तिथे कुणी घाई करीत नाही. शरीराचेही तसेच आहे. जखम वरून भरली म्हणजे आतले बळ आले असे नाही.

गणपती जवळ आले की कारखान्यात रात्रीचा दिवस होतो. अशा वेळी घरी बसणे जिवावर येते. मजुरी बुडते, हे आम्हाला कळते. पण नव्या सांध्याने लवकर उकिडवे बसले तर सांधा निखळू शकतो. म्हणून पहिले तीन महिने पाटावर बसू नये, मांडी घालू नये, पायावर पाय टाकू नये. निजताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी. शौचाला खुर्ची वापरावी. पुढेही उकिडवे बसण्याआधी डॉक्टरांना विचारावे. कामावर परतताना उंच स्टुलावर बसून रंगकाम, आखणी असे हलके काम आधी घ्यावे. मूर्ती उचलायचे काम दुसऱ्यावर सोपवावे. कारखानदारांनीही एवढी सोय करावी. कसबी हात टिकला तर कारखाना टिकेल.

घरच्या मंडळींनी रात्री दिवा ठेवावा. ओल्या जमिनीवर पोते पसरू नये, पाय अडकतो. जेवणात वाल, अंडी, सुकट, दूध, नाचणी असावी. हाडवैद्याकडून पाय ओढून घेऊ नये. पोटरी सुजली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी आले किंवा पाय एकाएकी आखूड वाटला, तर घरी थांबू नये. पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. लगेच जावे.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. त्याचा इथे उपयोग करा. एक वही घ्या. रोज तारीख लिहा. किती पावले चाललो, कोणता व्यायाम किती वेळा केला, कुठे दुखले, ते लिहा. आजचे आणि कालचे यांत फरक दिसत नाही, आणि माणूस निराश होतो. पण महिन्यापूर्वीचे पान उलटून बघा. तिथे बारा पावले लिहिलेली असतील आणि आज दोनशे. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. त्यांनाही तिचा उपयोग होईल.

रोज थोडे करा, पण एकही दिवस चुकवू नका.