दहावीनंतर करार कोण वाचणार?



मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत आपल्या मोहल्ल्यांना परदेश नवा नाही. आधी लोक बोटीवर खलाशी म्हणून गेले, मग आखातात. त्यांतले बरेच जण फारसे शिकलेले नव्हते. आज तुमच्याकडे डिग्री आहे. मीही इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. म्हणून आपल्यासारख्यांबद्दलच बोलतो.

1983 च्या कायद्यानुसार दहावी पास नसलेला माणूस सौदी, कुवेत, थायलंड अशा 18 देशांत नोकरीला निघाला, तर त्याला आधी सरकारी मंजुरी लागते. त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असते. दहावी पास झालं की ही तपासणी नाही. आपण तिला कटकट समजतो. पण ती गेली म्हणजे आपला करार तपासणारंही कुणी उरलं नाही.

2022 साली थायलंडमध्ये मार्केटिंगची नोकरी सांगून भारतीय तरुणांना नेलं. तिथून बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये डांबलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं. सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयानं इशारा दिला. या टोळ्यांचा डोळा आयटी शिकलेल्या तरुणांवर आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दोष फसवणाऱ्यांचाच, पण डिग्री त्यांना अडवू शकली नाही.

बोटीवर जाणारा माणूस विचारायचा: बोट कुणाची? पगार कोण देणार? तिथं आपलं कोण आहे? हेच प्रश्न आज असे विचारा. एजंटची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे का? व्हिसा नोकरीचा आहे की फिरायचा? व्हिसावरची आणि करारातली कंपनी एकच आहे का? नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जास्त मागितले तर तिथंच थांबा. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकानं तो ठेवून घेतला तर भारतीय दूतावासाला कळवा.

शिक्षण कमी महत्त्वाचं, असं मी म्हणत नाही. खूप शिका. शेजारच्या पोराचा इंग्रजी करार त्याला वाचून समजावा. आणि स्वतःचा करार आला की सहीआधी आखातात वीस वर्षं काढलेल्या चाचांना दाखवा. आपल्याला न सुचलेला प्रश्न ते विचारतील.