सर ज. जी. रुग्णालय समूह : सेवा आणि शिक्षण



जिल्हा रुग्णालयातून मिळालेली चिठ्ठी हाती घेऊन एखादा शेतकरी मुंबईत भायखळ्याच्या सर ज. जी. रुग्णालयाच्या दाराशी येतो, तेव्हा विद्यापीठ, अभ्यासक्रम, परीक्षा यांच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. आपले माणूस बरे व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु ज्या खाटेवर त्याचे माणूस उपचार घेते, त्याच खाटेभोवती उद्याचे डॉक्टर घडत असतात. उपचार व शिक्षण ही दोन कार्ये एकाच ठिकाणी चालणे, हे अध्यापन रुग्णालयाचे वैशिष्ट्य होय. त्याची मूल्ये आणि त्याच्या जबाबदाऱ्याही यातूनच निर्माण होतात.

दातृत्वाचा वारसा

या रुग्णालयाचा पाया सरकारी खजिन्याइतकाच नागरिकांच्या दातृत्वावर उभा आहे. लहान वयात पोरके झालेले आणि पुढे व्यापारात नावारूपास आलेले जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ मध्ये रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे निधन झाले व त्यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचे ठरले. १८४५ मध्ये रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय एकाच आवारात सुरू झाले. गोमंतकात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. शिक्षण पूर्ण होताच त्यांनी गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. शिक्षणाचे पर्यवसान सेवेत व्हावे, हा दंडक अशा रीतीने आरंभीच घातला गेला.

पुढे या समूहात आणखी तीन रुग्णालये आली. गोकुळदास तेजपाल रुग्णालय १८७४ मध्ये सुरू झाले. सेंट जॉर्जेस हे पूर्वीचे युरोपियन जनरल हॉस्पिटल. स्त्रिया व बालके यांच्यासाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभारलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये खुले झाले. तेथील वैद्यकीय कारभार डॉ. एडिथ पीची यांच्याकडे, म्हणजे एका स्त्रीकडे सोपविण्यात आला. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास ज्या काळी स्त्रिया धजत नसत, त्या काळातील हा निर्णय होता. विलायतेत वैद्यकाचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. रखमाबाई यांनीही प्रथम येथेच काम केले.

संकटकाळातील सेवा

शहरावर अरिष्ट आले, की सार्वजनिक रुग्णालयाचे मोल सर्वांना कळते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी ग्रँट महाविद्यालयाच्या आवारातील प्रयोगशाळेत प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. एड्सवरील मोफत औषधोपचार देशात १ एप्रिल २००४ रोजी मोजक्या शासकीय रुग्णालयांत सुरू झाले, त्यांत ज. जी. रुग्णालय होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी कामा रुग्णालयात शिरले, त्या वेळी परिचारिकांनी दिवे मालवून गर्भवती स्त्रियांना सुरक्षित खोलीत हलविले व त्यांचे प्राण वाचविले. २०२० मधील करोनाच्या साथीत सेंट जॉर्जेस व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये त्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आली.

विश्वासाची कसोटी

गौरवाबरोबरच दुःखद प्रसंगांची नोंद ठेवणे हेही प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. १९८६ च्या आरंभी ज. जी. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी करून औषधांची खरेदी आणि तपासणी यांतील गंभीर दोष उजेडात आणले. निष्णात डॉक्टर असले तरी भांडारातील एका बाटलीची हयगय प्राण घेऊ शकते, हा त्यातील धडा होय. रुग्णालयाची गुणवत्ता शस्त्रक्रियागृहाइतकीच भांडारात, प्रयोगशाळेत आणि स्वच्छतेच्या कामातही ठरत असते.

दुसरी कसोटी रुग्णाच्या प्रतिष्ठेची. उपचार अल्प खर्चात किंवा विनामूल्य मिळतात, म्हणून रुग्ण ही शिकण्याची वस्तू ठरत नाही. विद्यार्थ्याने तपासण्यापूर्वी त्याची संमती घेणे, पडदा ओढणे, आजाराची माहिती त्याला समजेल अशा मराठीत सांगणे, हीही विद्याच आहे. जो विद्यार्थी रुग्णाचे नाव न विचारता केवळ खाटेचा क्रमांक लक्षात ठेवतो, त्याचे शिक्षण अपुरे राहिले असेच म्हटले पाहिजे.

गावाचा वाटा

अशा रुग्णालयावरील ताण केवळ इमारती वाढवून हलका होणार नाही. २०२४ मध्ये गोकुळदास तेजपाल व कामा रुग्णालयांशी संलग्न असे ५० जागांचे नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि, दुखणे अंगावर काढल्यामुळे उशिरा येणारे रुग्ण ही खरी अडचण आहे. येथे शिक्षक आणि पंचायत सदस्य पुष्कळ करू शकतात. रुग्णाला प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मुंबईला पाठविताना आधीचे केसपेपर, क्ष-किरण चित्रे, चालू औषधांची चिठ्ठी, शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर द्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घेताना ही कागदपत्रे उपयोगी पडतात. आजाराची हकिकत ठाऊक असलेला नातेवाईक सोबत असावा. अडचण आल्यास रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, हेही त्याला सांगून ठेवावे. गावात वर्षातून एकदा रक्तदान शिबिर भरविले, तर कोणा अनोळखी रुग्णाची शस्त्रक्रिया रक्ताअभावी खोळंबणार नाही.

आज या खाटांभोवती शिकणाऱ्या तरुणांपैकी काही जण उद्या एखाद्या आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतील. नाडी कशी पाहावी आणि धीर कसा द्यावा, हे त्यांना चिठ्ठी घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याच्या माणसाने शिकविलेले असेल. समाजाने या रुग्णालयाला आपला रुग्ण विश्वासाने द्यावा आणि रुग्णालयाने समाजाला जाणता व सहृदय डॉक्टर द्यावा, हा व्यवहार पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. तो उभयपक्षी प्रामाणिक राहील, याची काळजी घेणे हे सर्वांचेच कर्तव्य आहे.