वसुलीचा फोन आणि आपण शेजारी
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून)



चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी "वसुलीचे फोन" म्हटलं. ते हसले. म्हणाले, "काका, रौप्यमहोत्सव आहे, काहीतरी गोड सांगा." मी म्हटलं, गोड बोलायला पुष्कळजण आहेत. पंचवीस वर्षं आपण एका छताखाली राहिलो, तर एकदा अवघड गोष्टही बोलू.

मी पस्तीस वर्षं बँकेत होतो. त्यातली बरीच वर्षं कर्ज आणि वसुली यांतच गेली. त्यामुळे आधी स्वतःचीच एक गोष्ट सांगतो. १९८० च्या दशकात मी ग्रामीण शाखेत होतो. मार्च अखेर, थकबाकीचा आकडा मोठा, वरून रोज विचारणा. एका शेतकऱ्याने डिझेल इंजिनासाठी कर्ज घेतलं होतं, तीन हप्ते थकले होते. मी जीप घेऊन त्याच्या दारात गेलो आणि अंगणातूनच मोठ्या आवाजात विचारलं, "पैसे कधी भरणार?" ओसरीवर चार-पाच परकी माणसं बसली होती. त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. तो माणूस काही बोलला नाही. नुसता हात जोडून उभा राहिला. पैसे त्याने पुढे सगळे भरले. ते स्थळ जुळलं की मोडलं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

हे सांगतो अशासाठी, की वसुली करणं हे पाप नाही. घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे, कारण बँकेतला पैसा शेवटी तुमच्या-आमच्यासारख्या ठेवीदारांचाच असतो. पण पैसे मागणं वेगळं आणि माणसाची अब्रू चव्हाट्यावर आणणं वेगळं.

आता आपल्याच सोसायटीतलं. त्या कुटुंबाची परवानगी घेऊन, नाव-विंग न सांगता बोलतो. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेनऊला मला फोन आला. "तुमच्या बिल्डिंगमध्ये अमुक राहतो. चोर आहे. त्याला फोन द्या." मी ना जामीनदार, ना नातेवाईक. दुसऱ्या दिवशी कळलं, असा फोन अकरा घरांत आला होता. मुलाची नोकरी गेली होती. एका वित्तसंस्थेचे हप्ते थकले, ते भरायला त्याने मोबाइलवरच्या एका ॲपवरून पैसे उचलले. त्या ॲपने त्याच्या फोनमधले सगळे नंबर उचलले.

आणि मंडळी, आपण काय केलं? लिफ्टमध्ये ते दिसले की गप्प झालो. त्याची आई हळदीकुंकवाला यायची थांबली. वडील माझ्याबरोबर रोज संध्याकाळी बाकावर बसायचे, तेही दिसेनात. आठ दिवसांनी मी आणि सौ. त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, इकडचं-तिकडचं बोलणं झालं. निघताना ते मला दाराबाहेर म्हणाले, "गेले चार दिवस मी रोज रात्री गच्चीच्या दाराला कुलूप आहे ना, ते बघून येतो." मुलासाठी बघत होते ते. मी परत आत जाऊन बसलो.

त्या रात्री आम्ही कागद मांडले. काय केलं ते क्रमाने सांगतो, तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिलं, फोन कोणाचा हे ठरवा. "बँकेतून बोलतोय" एवढं पुरे नाही. बोलणाऱ्याचं नाव, एजन्सी, कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव आणि कर्ज खात्याचा क्रमांक विचारा. वसुली कोणत्या एजन्सीकडे दिली, हे बँकेने कर्जदाराला कळवायचं असतं, आणि घरी येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र व अधिकारपत्र असावं लागतं. माहिती द्यायला टाळाटाळ झाली तर एक शब्दही पुढे बोलू नका. आणि ओटीपी, कार्डाचा नंबर कोणालाही सांगायचा नाही, हे तुम्हाला पाठच आहे.

दुसरं, वही करा. तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. शिवीला शिवी देऊ नका. बँकेत आम्ही म्हणायचो, तोंडी सगळं वाऱ्यावर, कागद टेबलावर.

तिसरं, नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलं आहे, की थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, कुटुंबीयांना किंवा मित्रांना त्रास हे चालणार नाही. एजन्सी बाहेरची असली तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच. म्हणजे मला साडेनऊला आलेला तो फोन वेळेतही बसत नव्हता आणि रीतीतही.

चौथं, "उद्या पोलीस येऊन उचलून नेतील" याला घाबरू नका. निव्वळ हप्ता थकणं ही दिवाणी बाब आहे. मात्र अर्धवट धीर देणार नाही. चेक परत गेला किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तर त्याचे कायदे वेगळे आहेत. तिथे आलेली नोटीस उघडून वाचा आणि वकिलाला दाखवा. नोटीस न घेता परत पाठवणं, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं चुकीचं शहाणपण. जामीनदारांनीही लक्षात ठेवा, सही केली म्हणजे जबाबदारी कर्जदाराइतकीच. शेजाऱ्याची मात्र काहीच नाही.

पाचवं, लेखी तक्रार. आधी त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

सहावं आणि महत्त्वाचं, स्वतः होऊन बोला. आम्ही मुलाला घेऊन वित्तसंस्थेच्या शाखेत गेलो. नोकरी गेल्याचं पत्र, खात्याचा उतारा, महिन्याला किती भरता येईल याचा आकडा, असं सगळं लिहून दिलं. फोन न उचलणारा कर्जदार आणि समोर येऊन बसणारा कर्जदार, यांत बँकवाला फार फरक करतो. मी केलेला आहे. हप्ता लहान करून मुदत वाढवून मिळाली. जे ठरेल ते लेखी घ्या आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात भरा, एजंटच्या खासगी यूपीआयवर एक रुपयाही नाही.

ॲपवाल्याचं प्रकरण वेगळं होतं. त्यामागे कोणती नोंदणीकृत संस्था आहे, तेच सापडेना. फोटो विकृत करून सगळ्यांना पाठवू, अशी धमकी होती. ती वसुली नव्हे, खंडणी. १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवलं, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, पुरावा जपून ठेवून ॲप काढून टाकलं. आणि मुलाने स्वतःच सगळ्या ओळखीच्यांना मेसेज केला, "माझ्या नावाने काही आलं तर उत्तर देऊ नका." धमकी होती गुपित फोडण्याची. त्याने ते आपणच सांगून टाकल्यावर तिच्यातला दम गेला. आणखी तीन आठवडे फोन आले, मग थांबले.

ज्यांनी कर्जच घेतलेलं नाही आणि तरी फोन येतात, त्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट मागवावा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. आपल्या नावावर भलतंच कर्ज असेल तर तिथे कळतं.

शेवटी आपल्या वाट्याचं. असा फोन तुमच्याकडे आला तर एवढंच म्हणा, "मी जामीनदार नाही, हा नंबर पुन्हा लावू नका." फोन ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आणि त्याच संध्याकाळी त्या घराची बेल वाजवा, साखर मागायच्या निमित्ताने का होईना. घरात कोणी फारच खचलेलं दिसलं तर टेली-मानस १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

एक कबुलीही देतो. मी खजिनदार असताना मेंटेनन्स थकलेल्यांची नावं मोठ्या अक्षरांत नोटीस बोर्डावर लावण्याचा आग्रह माझाच होता. आता मला वाटतं, बंद पाकिटात पत्र आणि दारात जाऊन दोन शब्द, एवढ्यावर बहुतेक पैसे आले असते. समितीने याचा विचार करावा, ही विनंती.

तो मुलगा आता कामाला लागलाय. हप्ते चालू आहेत, अजून चौदा बाकी आहेत. त्याचे वडील बाकावर पुन्हा यायला लागले. आज इथेच बसलेत, कुठे ते सांगत नाही. शोधूही नका.