मॉर्टिफाइड : मेल्याहून मेल्यासारखं

आजचा शब्द आहे ‘मॉर्टिफाइड’. पण आधी एक किस्सा सांगतो.

मी शेवगाव तालुक्यातला. शाळा सगळी मराठी माध्यमाची. पुढे कॉमर्सला नगरच्या एका कॉलेजात आलो. तेव्हा ‘अहिल्यानगर’ हे नाव नव्हतं. पहिल्याच महिन्यात सरांनी मला उभं करून पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यात ‘मॉर्गेज’ शब्द आला. मी लिहिलंय तसं वाचलं, ‘मॉर्टगेज’. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खा वर्ग हसला. सरही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही.

खरं तर गहाण म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा होता. शब्दाचा अर्थ घरात होता, उच्चार तेवढा नव्हता.

आता ‘मॉर्टिफाय’ बघू. लॅटिनमध्ये ‘मॉर्स’ म्हणजे मृत्यू. त्यावरून ‘मॉर्टिफाय’ म्हणजे मुळात ठार मारणं. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये तो देहाच्या वासना मारणं या अर्थानं येतो. जुने डॉक्टर शरीराचा भाग सडून मेला की त्याला ‘मॉर्टिफिकेशन’ म्हणायचे. पुढे अर्थ मनावर आला : चारचौघांत इतकी मानहानी, की नको तो जीव. म्हणजे आपण म्हणतो ‘लाजेनं मेलो’, तेच इंग्रजही म्हणतात!

वापरताना फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे एकटी ‘लाज’ बरीच कामं करते. इंग्रजीत वाटणी आहे. बाजारात चप्पल तुटली आणि ओशाळलात, तर ‘एम्बॅरस्ड’. उसने पैसे बुडवले आणि मन खातंय, तर ‘अशेम्ड’. आणि सगळ्यांसमोर असं काही झालं की धरणी पोटात घेईल तर बरं, तर ‘आय वॉज मॉर्टिफाइड’. माणूस ‘मॉर्टिफाइड’ होतो, प्रसंग ‘मॉर्टिफाइंग’ असतो.

ही वाटणी मला फार उशिरा कळली. त्या दिवशी मी ‘मॉर्टिफाइड’ होतो, पण वर्षभर वागलो ‘अशेम्ड’ असल्यासारखा, जणू काही गुन्हाच केला होता.

आणि तो ‘मॉर्गेज’? त्यातही तोच मृत्यू आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘मेलेलं तारण’. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘टी’शिवायही लिहिला जायचा. लॅटिन मूळ दिसावं म्हणून ‘टी’ स्पेलिंगमध्ये परत घातला, बोलण्यात मात्र आला नाही. म्हणजे मी वाचला तो ‘टी’ मुद्दाम तिथं बसवलेला होता! आणखी एक : लॅटिनचा ‘मॉर्ट’ आणि आपला ‘मृत’ एकाच मुळातून आलेत. ज्या शब्दावरून वर्ग हसला, तो आपल्याच भावकीतला निघाला.

उच्चार चुकला तर दुरुस्त करायचा. आज तो एका मिनिटात होतो. पण गप्प बसलेलं वर्ष परत मिळत नाही. तुमच्या घरातलं, वर्गातलं पोर इंग्रजी वाचताना अडखळलं, तर आधी त्याला वाक्य पुरं करू द्या. हसायचं नाही.

भेटू पुढच्या भागात, नव्या शब्दासह. नमस्कार.